वासाचा रकाना

४ मार्च

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच फेकलं असशील तर प्रश्नच मिटला. उघडलं असशील तर आधी कामाचं सांगतो. गोड गोड सुरुवात केली तर तुला संशय येईल, आणि तो बरोबरच असेल. तुझा पत्ता कुठून मिळाला ते विचारू नकोस.

मी या महिनाअखेर निवृत्त होतोय. कंपनीची खोली एकतीस तारखेला रिकामी करून द्यायची आहे. माझ्याकडे एक कुत्रा आहे. दहा वर्षांचा, मागच्या पायांनी अधू. कुठून आला, कसा आला, ते सांगण्यासारखं काही नाही. त्याला घेऊन राहू देईल असं भाड्याचं घर मला मिळत नाहीये. नाही मिळालं तर त्याला प्राण्यांच्या आश्रयगृहात सोडावं लागेल, आणि तिथे म्हाताऱ्या जनावरांना पंधरा दिवस ठेवतात. पुढे काय करतात ते तुला मी सांगायला नको.

तुला एकदा असं घर मिळालं होतं असं ऐकलं. कसं मिळालं, कुणाला विचारलंस, एवढं दोन ओळींत कळव. सहा वर्षांनी भावाचं पत्र आलं आणि त्यात हे, असं म्हणशील. म्हण.

कंपनीच्या खोलीत कुत्रा कसा चालला, असंही तुझ्या मनात येईल. कुणी विचारलंच नाही. त्या खोल्यांची पाहणी करणारा माणूस मीच होतो.

उत्तराची वाट बघतोय.

भाऊ


९ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. येईल असं धरून चाललो नव्हतो, तरी रोज खाली जाऊन पत्रांची पेटी बघतो.

पाच दिवसांत सात घरं पाहिली. बत्तीस वर्षं लोकांची घरं तपासण्यात गेली. भाडेकरू घर सोडून गेला की मी जायचो. भिंती, नळ, फरशी, दारांच्या कड्या सगळं बघून अहवाल लिहायचो. मला वाटत होतं की माणसाच्या घाणीचं मला आता काही वाटत नाही. पण तेव्हा मी मालकाच्या बाजूने आत जायचो. भाडेकरू म्हणून त्याच दारातून आत गेलं की ओकारीच येते.

पहिल्या घराचा मालक कंगव्याने पाठ खाजवत बोलत होता. तोच कंगवा मग त्याने केसांतून फिरवला आणि मला म्हणाला, "कुत्रा नको हो, केस गळतात." बाथरूमच्या जाळीत केसांचा एवढा गुंता होता की दोन बोटांनी ओढला तर हातभर वर आला असता. मी मान डोलावली. गरज माझी होती.

तिसऱ्या घरात फ्रिजच्या मागे काहीतरी मरून पडलं होतं. निदान आठवडा झाला असेल. मालकीणबाई नाकाला रुमाल न लावता तिथे उभ्या राहून मला सांगत होत्या, "आमच्याकडे स्वच्छतेचं फार आहे. आधीच्या भाडेकरूंना मी चपला बाहेर काढायला लावायचे." पाचव्या घरात गादी दिली. गादीवर डाग होते. कसले ते मी बत्तीस वर्षांच्या अनुभवाने सांगू शकतो, पण तू अजून जेवली नसशील.

एजंट बरा आहे, म्हणजे माणूस म्हणून नाही, मेहनतीला. सदा तोंडात काडी. ती तोंडातून काढतो, तिनेच कानात खाजवतो आणि परत तोंडात घालतो. तो मला समजावतो, "साहेब, तुम्ही दारातच कुत्रा म्हणता. कुत्रा म्हणू नका. घरात आणखी एक जण आहेत म्हणा. वयस्कर आहेत, शांत आहेत, फारसं चालवत नाही. मालक हो म्हणाला की मग सांगायचं."

मी म्हटलं, "मग तो काय म्हणेल?"

"मग काय, शिव्या देईल. पण हो म्हणून झालेलं असेल ना."

परवा त्याचंच ऐकलं. सातव्या घराचा मालक ऐकून हळवा झाला. म्हणाला, "वडील का? आणा की. माझेही अंथरुणावरच होते." मग मी खरं सांगितलं. तो जे बोलला ते लिहीत नाही. ते सगळं मला लागू होतं.

शिसारी आलीय ताई. दुसऱ्यांची येते तोवर बरं असतं.

भाऊ


१५ मार्च

ताई,

काल एजंटच्या ऑफिसात गेलो. पहिल्यांदाच. आजवर तो रस्त्यावरच भेटायचा. एवढीशी खोली, भिंतीवर पंखा, आणि पंख्याखाली प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद. म्हणाला, "मालक लोक हाच दाखवतात साहेब, मी तरी काय करू?"

कागद माझा होता.

माझा म्हणजे मी लिहिलेला. पाहणीच्या छापील फॉर्ममध्ये पूर्वी भिंती, नळ, फरशी, दारं-खिडक्या एवढेच रकाने असायचे. वासाचा रकाना मी घालायला लावला. साहेबांच्या बैठकीत मी उभा राहून बोललो होतो, आणि ते सगळ्यांना इतकं आवडलं की मला ते लिहून द्यायला सांगितलं. त्यातलं शेवटचं वाक्य असं आहे: "कुत्रा राहिलेल्या घराचा वास तीनदा रंग देऊनही जात नाही." ते कंपनीने छापून सगळ्या मालकांना वाटलं. मालकांनी एजंटांना दिलं. आता या शहरात घर भाड्याने देणाऱ्या कुणालाही ते वाक्य पाठ आहे. सात मालकांपैकी चौघांनी मला ते तोंडावर ऐकवलं होतं. मी प्रत्येक वेळी मान डोलावली. कुठलंही ऐकीव वाक्य असावं तसं ते वाटलं मला. माझंच आहे हे लक्षातही आलं नाही.

आणि ते खरंही नाही. चार दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या, भिंती पुसल्या आणि एक हात रंग दिला की जातो. मला ते तेव्हाही माहीत होतं. पण बैठकीत 'तीनदा' चांगलं वाटलं.

काल दुपारी आणखी एक घर पाहिलं. चौथा मजला, स्वच्छ, पडदे धुतलेले. मी खूश झालो. बाई अगदी गोड. म्हणाल्या, "कुत्रा चालेल. फक्त आवाज नको. एक छोटं ऑपरेशन असतं, घशात, अर्ध्या तासाचं. मग तोंड उघडतो पण आवाज येत नाही. आमच्या बहिणीने केलंय, फार छान झालंय." असं म्हणून त्यांनी मला फोनवर त्या कुत्र्याचा व्हिडिओ दाखवला. तो भुंकत होता आणि फोनमधून नुसती हवा येत होती. बाई हसल्या. "बघा, किती गोड."

मी जिना उतरून रस्त्याच्या कडेला बसलो आणि उलटी केली. साठीच्या माणसाला भर रस्त्यात उलटी करताना पाहून लोक बाजूने गेले, तेही बरोबरच.

आता त्या दिवसाबद्दल. तू उत्तर देत नाहीस म्हणून मीच बोलतो. मालकाच्या तक्रारीवरून तुझं राहतं घर कंपनीच्या यादीत आलं तेव्हा मी ते दुसऱ्या कुणावर ढकलू शकलो असतो. नाही ढकललं. तू दार उघडलंस आणि मालकासमोर मला "या साहेब" म्हणालीस. आई गेल्यावर जिने मला अंघोळ घातली, शाळेत सोडलं, ती मला साहेब म्हणाली. कुत्रा तू शेजारणीकडे ठेवला होतास. घर घासून लख्ख केलं होतंस. मालक म्हणाला, "मला शंका आहे, पण दिसत काही नाही. तुमच्या नाकाबद्दल ऐकलंय फार. बघा तरी."

तुला माहीत आहे, ऑफिसात मला नाकवाले म्हणायचे. माझं नाक कधी चुकत नाही, ही माझी ख्याती होती. मी मधल्या खोलीत उभा राहिलो, डोळे मिटले आणि सांगितलं, कुत्रा आहे. साबणाच्या खालून वास येत होता. मला आला, मी लिहिला. माझं काम तेच होतं. खोटं लिहिलं असं तूही म्हणू शकणार नाहीस.

तू त्या वेळी माझ्याकडे पाहिलंही नाहीस. फरशीकडे पाहत राहिलीस.

भाऊ


२१ मार्च

ताई,

घर मिळालं. म्हणजे तुझ्यामुळे मिळेल, नाहीतर नाही.

बाई निवृत्त नर्स आहेत. तळमजल्यावरच्या दोन खोल्या द्यायच्या आहेत, मागे थोडी मोकळी जागा, पायरी एकच. त्याच्या पायांना ती जमेल. खोल्यांत काही घाण नाही. नुसत्या जुन्या आहेत. मी सवयीने भिंतीला हात लावून पाहिला तर बाई म्हणाल्या, "तुम्ही घर बघताय की पंचनामा करताय?"

त्यांनी कुत्र्याला आणायला सांगितलं. त्याच्यापुढे खाली बसल्या, दात पाहिले, कमरेची हाडं चाचपली, म्हणाल्या, "सांभाळलाय चांगला." मग उठून माझ्याकडे वळल्या. "पण कुत्र्याचा मालक कुत्र्याबद्दल नेहमी खोटं बोलतो. मागच्यानेही शांत आहे म्हणून सांगितलं होतं, माझ्या मांडीला नऊ टाके पडले. तुमच्याशिवाय ज्याने याला सांभाळलंय अशा एका माणसाचं पत्र आणा. चार ओळी पुरेत. एकतीसच्या आत."

मी घरी येऊन पत्र लिहायला बसलो. एका काल्पनिक शेजाऱ्याच्या नावाने, डाव्या हाताने. "सदर कुत्रा अतिशय सालस असून" इथवर आलो. नंतर माझं मलाच अक्षर बघवेना. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरात काय लपवलंय ते शोधलं, आणि आता हे. कागद फाडला.

याला माझ्याशिवाय सांभाळलेलं माणूस एकच आहे.

तुला कळलं असेल. पहिल्या पत्रातच कळलं असेल कदाचित, दहा वर्षांचा म्हटलं तेव्हाच, म्हणून तू गप्प असशील. तो तुझा ठोंब्याच आहे.

मालकाने तुला आठवड्यात बाहेर काढलं आणि नव्या जागेत कुत्रा ठेवू देईनात म्हणून तू त्याला आश्रयगृहात सोडलंस, हे मला शेजारणीकडून कळलं. अकराव्या दिवशी मी जाऊन त्याला घेऊन आलो. हेतू चांगला होता, एवढं तरी मानून घे. तुझं घर लागलं की आणून द्यायचा, तू रागावशील, मग निवळशील, असं डोक्यात होतं. म्हणून त्याला मी पाहुणा म्हणायला लागलो. चार दिवसांचा पाहुणा. तू ठेवलेलं नाव मी एकदाही उच्चारलं नाही. त्याने कान टवकारले असते आणि मला ते बघवलं नसतं.

मग तो माझ्या पायांवर झोपायला लागला. मी ऑफिसातून आलो की दाराशी असायचा. माझी वाट बघणारं कुणी असतं हे मला ठाऊक नव्हतं ताई. तू बघायचीस, पण ते मी लहानपणीच गृहीत धरून टाकलं होतं.

अजून एक आहे. इथे थांबलो तर हेही पत्र आधीच्यांसारखंच होईल.

दोन महिन्यांनी तुला कुत्रा चालणारी खोली मिळाली, तू आश्रयगृहात गेलीस, आणि एका माणसाने नेला एवढंच तुला सांगितलं. तू शहरभर कागद चिकटवलेस. एक आमच्या ऑफिसच्या कोपऱ्यावरही होता. तुझं अक्षर लांबून ओळखलं. काळा-तपकिरी, डावा कान दुमडलेला, खाली तुझा पत्ता, आणि त्याखाली लिहिलं होतंस: "ज्यांनी नेला त्यांनी परत द्यावा असं नाही. फक्त बरा आहे एवढं कळवा."

एवढंच मागितलं होतंस. एक कार्ड टाकलं असतं तरी झालं असतं.

मी जेवणाच्या सुट्टीत ओलं फडकं घेऊन गेलो आणि तो कागद काढला. भिंतीवर खळीचा डाग राहू नये म्हणून कडा आधी भिजवल्या. लोकांना वाटलं मी साफसफाई करतोय. कागद घडी करून खिशात घातला. तुझा पत्ता मिळाला तो असा. आजवर मी जी घरं पाहिली, त्यांतली सगळी घाण एका ताटात वाढून माझ्यापुढे ठेवली तरी मला त्या दिवसाच्या माझ्या हातांची जास्त किळस येईल.

तुला माझ्यासाठी काही करायचं नाहीये. त्याच्यासाठी चार ओळी लिही. नर्सबाईंचा पत्ता खाली देतो, थेट त्यांनाच पाठव. माझ्याबद्दल एक अक्षर लिहू नकोस. तो बरा आहे. हे सहा वर्षांनी कळवतोय.

भाऊ


२ एप्रिल

ताई,

तू येशील असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

अठ्ठावीस तारखेला मी त्याला घेऊन बाईंकडे गेलो होतो, पत्र आलं का विचारायला. बाई म्हणाल्या, पत्र नाही, पण थांबा. आणि आतून तू आलीस. चष्मा लागलाय. केस सगळे पांढरे. दोन्ही हातांनी पिशवी धरून उभी. बाईंशी तुझं बोलणं आधीच चालू होतं, तू ते पुरं केलंस. माझ्याकडे बघितलं नाहीस.

"पत्र लिहायला बसले होते, पण मला काही लिहायचं सुचत नाही. तोंडी चालेल का?"

"चालेल की."

"चावत नाही. बेल वाजली की आधी पलंगाखाली जातो, मग तिथून भुंकतो. चपला खातो, पण डाव्या पायाच्याच. ढगांना भितो. एकटा ठेवला तर रडत नाही, तोंड भिंतीकडे करून बसतो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. सगळं खरं होतं, अजूनही.

"तुम्ही याच्या कोण?" बाईंनी विचारलं.

"माझा आहे तो," तू म्हणालीस. आणि मग हाक मारलीस. मोठ्याने नाही, आपण घरात मारतो तशी.

तो माझ्या पायाशी बसला होता. सहा वर्षांत न ऐकलेलं नाव. आधी त्याचं डोकं वर झालं. मग तो उठायला लागला, मागचे पाय निसटत होते. मी आधार द्यायला वाकलो तर त्याने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. फरफटत गेला तुझ्याकडे. तू जमिनीवर बसलीस, चष्मा काढून ठेवलास, आणि पुढचं मी पाहिलं नाही. मला पाहायचा हक्क नव्हता.

बाई आत गेल्या. बऱ्याच वेळाने तू विचारलंस, "खातो काय हल्ली?" मी सांगितलं, भात आणि उकडलेलं अंडं, सकाळी गोळी, गोळी अंड्याच्या बलकात घालून. तू मान हलवलीस. पट्टा मी हातात दिला. माझी बोटं लवकर सुटेनात, तू थांबलीस तेवढं.

दाराशी गेल्यावर तू वळलीस. म्हणालीस, "एक सांग. त्या दिवशी खरंच वास येत होता का रे?"

मी म्हटलं, "येत होता."

तू म्हणालीस, "तीन दिवस घासत होते मी. गुडघ्यांवर बसून. कुठेतरी राहूनच गेलं असणार. किती वेळा आठवून बघितलं, कुठे राहिलं असेल ते." आणि गेलीस. तो तुझ्या चालीने चालत होता, किंवा तू त्याच्या.

बाईंनी घर मला दिलं नाही. म्हणाल्या, "मी ते कुत्र्याला देत होते." त्यांचं बरोबर आहे. सध्या लॉजवर आहे. उशीला दुसऱ्याच्या तेलाचा वास आहे, हे उगाच लिहिलं. तो परत दे म्हणायला हे पत्र नाही. भेटू दे म्हणायलाही नाही. त्या दारात तू मला विचारलंस आणि मी पुन्हा तेच बोललो, त्यासाठी आहे.

वास येत नव्हता, ताई.

तुझ्याकडे कुत्रा आहे हे मला आधीपासून माहीत होतं. त्या पाहणीच्या महिनाभर आधी तुम्हा दोघांना मी रस्त्याच्या पलीकडून पाहिलं होतं, हाक मारली नाही. मालकाने माझ्या नाकाचं कौतुक केलं आणि मला ते खरं करून दाखवायचं होतं, म्हणून मी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. काही सापडलं नाही असं म्हणून बाहेर पडलो असतो तर कुणाचंही काही बिघडलं नसतं. तुझ्या घराला साबणाचा आणि उघड्या खिडकीतून येणाऱ्या हवेचा वास होता. पलंगाखाली, दाराच्या मागे, कोपऱ्यात, कुठेही दुसरं काही नव्हतं. तुझ्याकडून काहीही राहून गेलं नव्हतं.